खालच्या धक्क्यावरची गाडी

"गळांचे उलटे काटे नीट दाबलेस ना? माशाला इजा होता कामा नये," रबरी होडीत हवा भरता भरता पराग म्हणाला.

"दाबले." हेमांगीने गळाला लावायच्या पिसांच्या रंगीत, खोट्या माश्यांची डबी त्याच्या हातात दिली. पकडलेला प्रत्येक बास मासा तो हळुवारपणे पाण्यात परत सोडायचा. मित्रमंडळींत त्याचं केवढं कौतुक!

पुण्यात ती रोज गाडी चालवत कामावर जायची. लग्न होऊन अमेरिकेत आल्यापासून किल्ली मात्र नवऱ्याच्या खिशात. लायसन्स होतं, ते ओळखपत्रापुरतं. घराजवळ बसचा थांबासुद्धा नव्हता. शिकागोला बहिणीकडे जायचं म्हटलं, की पराग म्हणायचा, "बघू गं पुढच्या महिन्यात."

होडी नदीच्या प्रवाहाबरोबर खाली जाणार, म्हणजे परतायला गाडी खालच्या धक्क्यावर हवी. दरवर्षी ती त्याचा मित्र नेऊन ठेवायचा. आज सकाळी नेमकी त्या मित्राची कंबर धरली.

परागने किल्ली काढली, क्षणभर मुठीतच ठेवली, मग दिली. "थेट धक्क्यावर जायचं आणि गाडीतच बसून राहायचं. मी संध्याकाळी पोचतो."

"बरं."

होडी धारेला लागली आणि वळणाआड गेली. आता त्याला उलटं येता येणार नव्हतं.

हेमांगीने सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला लावले. तिठ्यावर धक्क्याचा रस्ता डावीकडे जात होता, शिकागोचा उजवीकडे. तिने उजवा इंडिकेटर दिला.

टाकी काठोकाठ भरलेली होती. तिला वाटेत कुठे थांबावं लागू नये, म्हणून त्यानेच भरून आणली होती.