माणसं किती?

"सात वाजता येऊन पिशवी ठेवली, तरी माहा नंबर बारावा! लोकं झोपते तरी कधी वो या कॉलनीत?" गोदावरीबाई मंदाबाईंच्या कानाशी कुरकुरल्या.

मंदाबाई अकराव्या होत्या. म्हणजे त्यांची पिशवी अकरावी होती. जवाहरनगरच्या सहकारी भांडारात पामतेल यायचं, त्या दिवशी बायका सकाळीच रिकाम्या बाटल्या घातलेल्या पिशव्या ओळीत ठेवून घरी जायच्या आणि दहाला शटर उघडताना आपापल्या पिशवीमागे येऊन उभ्या राहायच्या. बाजारापेक्षा स्वस्त तेल, तेही माणशी अर्धा किलो. भांडणं नकोत म्हणून नंबर पिशवीला, बाईला नाही.

मंदाबाईंची पिशवी खाकी होती. नवऱ्याच्या, टिकारामच्या, कारखान्यातल्या जुन्या पॅन्टची. डाव्या पायाची. उजव्या पायाचीही त्यांनी तशीच शिवली होती, लाल दोऱ्यानं. कार्ड ठेवायला बरा म्हणून दोन्हींवर मागचा खिसा राहू दिला होता.

आज उजवा पाय ओळीत पाचव्या जागी उभा होता.

सगळ्या बायकांनी तो पाहिला आणि सगळ्यांनीच मान वळवून भिंतीवरचा भाव वाचायला घेतला. त्या पिशवीमागे निर्मला उभी होती. कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणारी, तिशीची, दोन गल्ल्या सोडून एकटी राहणारी. निदान कार्डावर तरी एकटी.

काहीतरी बोलायला हवं म्हणून गोदावरीबाईंनी विचारलं, "भाऊची रातपाळी संपली नाई का अजून?"

"चालूच हाये."

फाल्गुनात दोन शर्ट, दोन पॅन्ट त्याच पिशवीत कोंबून टिकाराम "रातपाळी हाये" म्हणून गेला होता. आता दिवाळी तोंडावर आली. पाळी दर आठवड्याला बदलते हे कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण मंदाबाईंना ते कोणी सांगितलं नाही आणि मंदाबाईंनीही कोणाला विचारलं नाही.

काउंटरवर इश्वर एकेकीला मोठ्यानं विचारत होता, "माणसं किती?" त्याच्या तेल देण्याची तीच रीत. कार्डावर काहीही असो, घरात आज किती जेवतात ते सांगायचं. चौघांच्या घरातली बाई हळूच सहा सांगायची, इश्वर हळूच पाचांचं द्यायचा, दोघंही खूश. मंदाबाई दर महिन्याला "दोन" सांगायच्या. इश्वर मान वर न करता किलोभर मोजायचा. एका वेळची भाजी दोन वेळा खाणाऱ्या बाईला किती तेल लागतं? घरी फडताळात भरलेल्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, त्यांचा नंबर काही लागत नव्हता.

चौथी बाई सरकली. इश्वरनं पुढची पिशवी उचलली. नजर तेलाच्या पिप्यात, हाताला ओळखीची खाकी.

"या मंदावयनी! आज लवकर लागला नंबर."

निर्मलानं पुढे केलेला हात मागे घेतला आणि खाली बघत ती एक पाऊल बाजूला झाली.

गोदावरीबाईंनी मंदाबाईंना कोपरानं ढोसलं. "जा ना वो. तुहीच तं पिशवी हाये."

"घेऊन घ्या मंदाबाई, पिपा खाली होऊन राहिला," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळी ओळ मिळून त्यांना त्यांचा संसार परत द्यायला निघाली होती, वर किलोभर तेल.

मंदाबाई पुढे गेल्या. पिशवी हातात घेतली. तळाचा लाल टाका त्यांचाच, जसाच्या तसा. एक बंद मात्र तुटला होता आणि कोणीतरी पांढऱ्या दोऱ्यानं तो जोडला होता. सैल, लांब लांब टाके. खिशात बोटाला काहीतरी टणक लागलं. अर्धी सुपारी. टिकाराम सुपारी दातानं फोडायचा, अर्धी तोंडात, अर्धी खिशात. कपडे धुताना मंदाबाई ती दगडावर काढून ठेवायच्या आणि रोज शिव्या घालायच्या. आठ महिन्यांत एकही सापडली नव्हती.

त्यांनी ती होती तिथंच ठेवली.

"माहा नंबर अकरावा हाये, इश्वरभाऊ. हे निर्मलाची पिशवी."

इश्वर गडबडला. बाटली काढता काढता त्याच्या तोंडून नेहमीचंच निघालं, "माणसं… किती?"

"एक," निर्मला म्हणाली. तीही दर महिन्याला हेच सांगत आली होती.

मंदाबाई परत निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

"एक काहून सांगून राहिली वो? त्याले का उपाशी ठेवतं?" मग पिशवीकडे बोट करून म्हणाल्या, "अन् तो बंद दुहेरी शिव. किलोभर तेलानं तुटन."

गोदावरीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"हिले दोघांचं मोज, इश्वरभाऊ," मंदाबाई म्हणाल्या. "माह्या घरी एकच माणूस हाये."