आडव्या बाटलीचा सत्कार

सत्काराला जिल्ह्याहून आलेल्या सरकारी साहेबांनी शाल पुढे केली, तरी सुंदराबाईने मान वाकवली नाही. तिची नजर मांडवामागच्या बाजेवर होती. तिथे तिचा नवरा गोधडीत थरथरत पडला होता.

महिनाभर दारोदार फिरून तिने गावातल्या बायका दारूबंदीच्या मतदानाला बाहेर काढल्या होत्या. सगळ्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला आणि सोमवारी गावातलं दारूचं दुकान बंद झालं. वीस वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काय होतं, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. बुधवारी त्याला झटके आले. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "जिल्ह्याला न्या." जिल्हा रुग्णालयातून फोनवर उत्तर आलं, "खाट नाही. तीन आठवड्यांनी बघा."

"ताई, जरा फोटोकडे बघा," साहेब हसून म्हणाले.

"जाळा तो फोटो!" तिने माइक हिसकावला. "दुकान बंद करायला आम्ही उन्हातान्हात वणवण फिरलो, आणि तुमच्याच्याने एक खाट होईना? गावात असे आणखी चौदा जण तडफडतायत. त्यांच्या बायकांनाही शालीच वाटणार का?"

तिने साहेबांच्या पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं.

"साहेबांनी माझ्या नवऱ्याला या गाडीतून आत्ता जिल्ह्याला न्यावं आणि खाट मिळेपर्यंत तिथून हलू नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. होऊन जाऊ दे मतदान!"

बायकांचे हात सपासप वर गेले. कुणी मोजायच्या आतच साहेबांच्या ड्रायव्हरने गाडीचं मागचं दार उघडलं.