काटे कोणत्या अंगाला

विश्वंभरशेठने दुकानाच्या फरशीवर तीन नमुने टाकले. लोखंडी गजांचा एक तुकडा, पन्हळी पत्रा, आणि छावणीच्या लिलावातून आणलेलं काटेरी तारेचं भेंडोळं. कुंपण कशासाठी हवंय ते सांगा, मग माल मी सुचवतो, असं तो म्हणाला. गोपाळराव नुसते घाम पुसत राहिले.

"किससे बचाना है, रावसाब?" शेठने पुन्हा विचारलं.

"चोर," गोपाळराव म्हणाले.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातल्या कारकुनाच्या घरातून चोर नेणार काय, कपाळ! पण खरं कारण त्यांच्या ओठांवर येईना. घराच्या मागच्या अंगणाला लागूनच रूळ होते. लढाई संपली आणि सैनिकांच्या गाड्या झाशीला येऊ लागल्या. तेव्हापासून शिटी वाजली की त्यांची आई, कुसुमावतीबाई, हातातलं काम टाकून उठे आणि फौजेत गेलेल्या धाकट्या मुलाला, दिवाकरला, उतरवून घ्यायला सरळ रुळांवर चालू लागे. दिवाकर ब्रह्मदेशात मारला गेला, हे तिला सांगून झालं होतं. ती 'बरं' म्हणाली होती, रडलीही होती. पुढच्या शिटीला पुन्हा निघाली. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण तिने नुसत्या हातांनी बाजूला सारलं. परवा यार्डातल्या खलाशाने दंड धरून ओढली म्हणून वाचली.

हे कुणाला सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ. त्यातून झाशीत मराठी घरं मोजकी. एका घरात कुणी शिंकलं तर दुसऱ्या घरात सर्दीची चर्चा. त्यांच्या मुलीचं, लीलाचं, लग्न ठरत आलं होतं, आणि मुलीच्या आजीचं डोकं फिरलंय असं कळलं असतं तर मुलाकडच्यांनी दुसऱ्या दिवशी पत्रिका परत पाठवली असती.

पत्रा स्वस्त होता, पण झाशीच्या उन्हाळ्यात त्याच्या आड माणूस भाजून निघालं असतं. शिवाय नुसती शिटी ऐकू येऊन गाडी दिसली नाही, तर आई जास्तच तगमगली असती. गज भक्कम होते. गोपाळरावांनी ते हातात धरून पाहिले आणि गजांमागे उभी असलेली आई त्यांच्या डोळ्यांपुढे आली. त्यांनी हात काढून घेतले. मग तारेच्या एका काट्यावर त्यांनी अंगठा दाबला. काटा चांगला धारदार होता. आईचे हात आठवले, तरी त्यांनी तारच घेतली. कारण तार लावली की चोरांचं नाव पुढे करता येतं.

सकाळी जगन्नाथ मिस्त्रीने खांब रोवले. काटेरी तार पाहून शेजारपाजारचे गोळा झाले. छावणीत असते तशी तार घराला लागतेय म्हटल्यावर, रावसाहेबांकडे एवढं सोनं कधी आलं, अशी त्यांनी थट्टा केली. गोपाळरावही हसले. हसताना त्यांचं तोंड कडू झालं होतं. त्यांची बायको इंदू दाराशी उभी होती. आई बाजेवर डाळ निवडत होती, आणि आज तिचे हात अगदी शांत चालले होते.

खांबांच्या माथ्याचा हातभर भाग वाकवायचा बाकी होता. मिस्त्रीने पहिल्या खांबावर लोखंडी नळी चढवली आणि रोजच्या सवयीने विचारलं, "बाहर मोड़ूँ कि भीतर? चोर के लिए बाहर, ढोर के लिए भीतर."

सगळे गोपाळरावांकडे पाहू लागले. माथा बाहेर झुकला की बाहेरून चढणारा अडतो, पण आतून चढणाऱ्याला वाट सोपी होते, हे त्यांना कळत होतं. इंदूलाही कळत होतं. तिने हलकेच 'अहो' म्हटलं. गोपाळरावांनी शेजाऱ्यांकडे पाहिलं. काल दुकानात बोललेला शब्द आज फिरवावा, एवढंही धैर्य त्यांच्यात नव्हतं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"बाहर," ते म्हणाले.

मिस्त्रीने नळीला जोर दिला. खांब माथ्याशी वाकण्याऐवजी बुडापासूनच हलू लागला, कारण बुडाशी ठोकलेली माती अजून ओली होती.

कुसुमावतीबाई बाजेवरून उठल्या. त्यांनी पदर खोचला आणि अंगण ओलांडून खांबापाशी आल्या. घरात त्या मराठीखेरीज अक्षर बोलत नसत. आता मात्र सगळ्या आळीला समजेल अशा स्वच्छ हिंदीत बोलल्या.

"भीतर मोड़ो, भैया. यहाँ चोर नहीं आते. पटरी पर मैं जाती हूँ."

शेजारीण पदर तोंडाशी धरून खाली पाहू लागली. मिस्त्रीने नळी तशीच धरून गोपाळरावांकडे पाहिलं.

"गोपाळा, तू घरात जा," कुसुमावतीबाई म्हणाल्या. मग त्या खाली बसल्या आणि खांब हलू नये म्हणून त्यांनी तो बुडाशी दोन्ही हातांनी घट्ट धरला.