गळकी होडी

गोष्टीच्या त्या ऑनलाइन खेळात बाकीचे राजे, वैद्य, दरोडेखोर झाले होते. चंद्रशेखर होडी झाला होता. नावाडी नव्हे, होडीच. म्हातारी, कुरकुरी आणि गळकी. "अगं, पाणी शिरतंय! गप्पा पुरे, उपस आधी," असं तो लिहायचा. शेजारच्या खुर्चीतली त्याची बायको सुनंदा खेळात होडीतली म्हातारी प्रवासी व्हायची आणि हसत टाइप करायची, "उपसतेय हो! घरात काम, इथेही कामच."

तो गेल्यावर होडी यंत्राने चालवायला घेतली. गेलेल्या माणसाचं पात्र यंत्राने पुढे न्यायचं, अशी आता रीतच होती. चंद्रशेखरचं इतक्या वर्षांचं लिखाण यंत्राला पाठ होतं.

आज सुनंदा त्यानंतर पहिल्यांदाच होडीत बसली. होडी अगदी त्याच्यासारखी कुरकुरली, तेव्हा तिला भरून आलं. पण अर्धी नदी ओलांडली तरी तळ कोरडाच होता.

"काकू, गळती बंद करून घेतली आम्ही," दरोडेखोर झालेल्या तेजसने लिहिलं. "काका सगळ्यांना भिजवायचे! यंत्राने एका शब्दात ऐकलं."

"त्यांनी कधी कुणाचं ऐकलं नाही रे," सुनंदाने लिहिलं.

मग तिने हळूहळू टाइप केलं, "म्हातारीने अंबाड्यातला आकडा काढला आणि होडीच्या तळाला भोक पाडलं."

शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून ती वाट पाहत राहिली.

"भोक बुजवलं आहे," होडीने लिहिलं. "तुम्ही निवांत बसा."

पैलतीर बराच लांब होता, आणि तोवर सुनंदाच्या हातांना काही कामच उरलं नव्हतं.