दुसरं उत्तर

नवख्याने शेवटी ‘लवकर सांगा’ असं लिहिलं. तिथेच त्याचं चुकलं.

मुकादमाने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. तो एका कारखान्यात सुट्या भागांचं स्टोअर सांभाळायचा. मुकादम हे त्याचं इंटरनेटवरच्या एका मंचातलं नाव. भंगारातून जुनी मशिनं उचलायची, घासूनपुसून चालू करायची आणि फोटो टाकायचे, असा हौशी लोकांचा तो मंच. मुकादम तिथे अकरा वर्षं होता. स्टोअरच्या खिडकीत येऊन उभी राहणारी माणसं त्याला मंचावरच्या माणसांइतकी खरी कधी वाटलीच नाहीत.

आजचा नवखा पाच मिनिटांपूर्वी सभासद झाला होता. ना नमस्कार, ना ओळखपाळख. एकदम प्रश्नच. ‘मशीन खाली दाबून अडकलंय. वर कसं घ्यायचं? दोन हँडल आहेत, लाल आणि काळं. कुठलं ओढू? लवकर सांगा.’ सोबत एका जुन्या प्रेसचा, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनचा, फोटो. तोही तिरका, हललेला. अर्ध्या भागात नुसती फरशी, आणि फरशीवर उलटी पडलेली एक चप्पल.

“फोटो धड काढता येत नाही, आणि निघाले प्रेस चालवायला,” मुकादम पुटपुटला.

नव्यांचा त्याला मनापासून राग होता. गरज सरो नि वैद्य मरो, अशी त्यांची जात. उत्तर मिळालं की पुन्हा तोंड म्हणून दाखवायचे नाहीत. म्हणून जुन्यांनी एक रीत पाडली होती. नव्याच्या प्रश्नाला पहिलं उत्तर मुद्दाम चुकीचं द्यायचं. त्याची जरा फजिती होऊ द्यायची. मग काका येऊन दुसरं, खरं उत्तर द्यायचे.

काका म्हणजे मंचावरचे सगळ्यात जुने कारागीर. घरामागच्या शेडमध्ये काम करत आणि तिथला कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवत. गेल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘शेडमध्ये एक नवा पाहुणा आलाय. साफ झाला की दाखवतो.’ ही थट्टेची रीत त्यांना पसंत नव्हती. ‘पुरे रे पोरांनो,’ असं दर वेळी लिहायचे, पण पाच मिनिटांच्या आत हजर व्हायचे. ही रीत पडल्यापासूनच्या सात वर्षांत त्यांनी एकही नवखा वाऱ्यावर सोडला नव्हता. त्यामुळे बाकीचे अगदी निर्धास्त झाले होते. सावरणारा बसलेला असला की ढकलणाऱ्याचं काय जातं!

आज पाळी खिळ्याची होती. खिळा हाही जुनाच सभासद, जिभेला हाड नसलेला. त्याने लिहिलं, ‘स्वागत! लाल ओढा.’ लाल ओढलं की प्रेसचा वरचा जबडा आणखी खाली येतो, हे मंचावर झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. सोडवायचं तर काळं ओढायला हवं.

मुकादम काकांची वाट बघत बसला. त्यांच्या नावापुढचा हिरवा ठिपका लागलेला होता. म्हणजे काका होते. दहा मिनिटं झाली. अठरा जण तो प्रश्न वाचत होते आणि अठराही जण हाताची घडी घालून बसले होते. ‘काका, झोपलात काय?’ खिळ्याने लिहिलं. ठिपका तसाच हिरवा. उत्तर नाही.

नवख्याने पुन्हा लिहिलं, ‘अजून कुणी सांगेल का?’

खिडकीत एक फिटर बेअरिंगसाठी ताटकळत होता. असले प्रेस त्याच्या रोजच्या हाताखालचे. त्याने मान तिरकी करून स्क्रीन वाचला.

“भाऊ, कुणीतरी फार घाबरलंय. काळं म्हणून टाका की एकदाचं.”

“ते काकांचं काम. आपण कशाला मधे तोंड घालायचं?”

“अहो, एक शब्द तर लिहायचाय.”

मुकादमाला ते झोंबलं. अकरा वर्षांचा जुना माणूस तो, आणि हा खिडकीतला त्याला शिकवणार! एवीतेवी काका येतीलच, सावरतीलच. त्याने फिटरच्या डोळ्यांदेखत टाइप केलं, ‘लालच. डोळे मिटून ओढा.’ खाली भराभर हसरे चेहरे उमटले.

मग मुकादम बेअरिंग शोधायला मागच्या रॅककडे गेला. ते नेमकं सगळ्यात वरच्या फळीवर, भलत्याच डब्यात होतं. शिडी लावून त्याने ते काढलं, फडक्याने पुसलं आणि खिडकीतून पुढे सरकवलं. फिटर गेला. मुकादम आरामात खुर्चीत बसला.

हसरे चेहरे थांबले होते. काकांचा ठिपका अजून हिरवाच होता. सगळ्यांच्या खाली नवख्याचा एक मोठा निरोप होता, सहा मिनिटांपूर्वीचा.

‘उपकार झाले तुमचे. मी तुमच्या काकांची बायको, माझ्या मोबाइलवरून लिहितेय. यांचा हात मशीनखाली सापडलाय, शुद्ध हरपलीय. अँब्युलन्स यायला अजून अर्धा तास आहे. लाल ओढा असं आलं तेव्हाच ओढणार होते. पण हे नेहमी सांगतात, तिथे पहिलं उत्तर थट्टेचं असतं, दुसऱ्यावर मात्र बिनघोर विश्वास ठेवावा. म्हणून दुसऱ्यासाठी थांबले होते. ओढते आता.’