डुकराच्या गालावरचा व्रण

“या माणसाने अनाथाश्रमाचा कोळसा विकून खाल्ला. जानेवारीत पोरं गारठून मेली. माझ्या वारलेल्या भावाची पोर लीना त्यातच गेली. आणि मंगळवारी हाच पुन्हा निवडून यायचा? मी चित्र मागे घेणार नाही!”

आन्सेल ग्राउरने हातातला तेलकट खडू टेबलावर आपटला.

संपादक थॅडियस पेनरोज खिडकी ते दार, दार ते खिडकी येरझाऱ्या घालत होते. “हळू बोल. जिन्यावर पावलं वाजताहेत.”

शुक्रवार होता. शुक्रवारी छपाईच्या आधी त्याच पुढाऱ्याचा, म्हणजे साहेबांचा, माणूस छापायच्या दगडावर काढलेली चित्रं बघायला यायचाच. नाही म्हणायची छाती न्यूयॉर्कातल्या एकाही मासिकाची नव्हती. एकाने म्हणून पाहिलं होतं. त्याचा छापखाना जळाला, आणि आगीचा बंब वाट चुकला.

मॅकगिल आत आला, टोपी न काढताच.

दगडावर कोळशाच्या ढिगावर बसलेलं डुक्कर होतं. डोक्यावर उंच टोपी, तोंडात कोळसा. खालचा मजकूर अजून लिहायचा होता. डुकराच्या उजव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत सुरीचा व्रण. अगदी तसाच, त्याच गालावर, साहेबांना होता. सगळं शहर तो ओळखायचं.

पेनरोज दगडावर वाकले आणि दचकले. “आन्सेल, अरे, हा व्रण तर...”

“तुम्ही मध्ये पडू नका!” आन्सेल खेकसला.

मॅकगिल हसला. “बोलू दे की म्हाताऱ्याला. त्याला कळतंय, तुला कळत नाही. पूस तो व्रण.”

“पुसतो. पण या चित्राची चर्चा गुत्त्यागुत्त्यात झालीय. व्रण दिसला नाही तर लोक म्हणतील, साहेब घाबरले.”

मॅकगिल दाढी खाजवत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. “मग डाव्या गालावर ने! साहेब घाबरले नाहीत, आणि डुक्कर म्हणजे साहेबही नाहीत. कसं?”

“नाही. मारा मला, पण ते नाही.”

“मारत नाही रे. बोटं तेवढी मोडतो. मग काढ चित्रं पायाने, जर्मन्या.”

आन्सेलने मान खाली घातली. पात्याने व्रण खरवडला आणि डाव्या गालावर नवा काढला. मॅकगिल शेवटची रेघ उमटेपर्यंत शेजारी उभा राहिला.

“याला बिअर पाजा,” जाताना तो पेनरोजना म्हणाला. “रडवेला झालाय बिचारा.”

सोमवारी सकाळी साहेबांच्या कचेरीखाली ही गर्दी जमली. लोक पोट धरून हसत होते. कुणी डुकरासारखं चिरकत होतं. साहेबांनी ताजा अंक मॅकगिलच्या तोंडावर फेकला.

डुकराचा व्रण उजव्या गालावर होता.

“डावीकडे होता, साहेब! माझ्या डोळ्यांदेखत काढला त्याने. दगडावर...”

“दगडावरचं कागदावर उलटं उमटतं, गाढवा!” साहेबांचा हात स्वतःच्या गालाकडे गेला. “तू तिथे पोचलास तेव्हा दगडावर कुठल्या गालावर होता?”

“उजव्या.”

“मग तिथून हलवायला त्याला कुणी सांगितलं? बोल!”