आणखी दोन सोमवार

कोपराच्या दुखण्यानं म्हाळसाबाईला भाकरी थापता येईना. कलबुर्गीचे डॉक्टर म्हणाले, “अक्का, स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर आठवड्यात आराम, पण दुखणं परत येऊ शकतं. शॉकवेव्हच्या मशीनला पाच सोमवार यावं लागेल. गुण हळूहळू येईल, पण जास्त टिकेल.”

“मशीनच लावा,” नवरा गुंडाप्पा तिच्या आधी बोलला.

दर सोमवारी दोघं मंठाळहून बसनं आली, मशीन झाल्यावर मिरची भजी खाऊन सिनेमाला गेली.

पाचव्या सोमवारी ती डॉक्टरांना हळूच म्हणाली, “कोपर बरं झालंय. पर ह्यांना सांगू नका, अजून दोन सोमवार बोलवा की!”

डॉक्टर हसतच सुटले.

“कामून हसायलाव?”

“आत्ताच गुंडाप्पा येऊन गेले. ‘बरी झाली तरी हिला सांगू नका’ म्हणाले.”